रिपोर्ट नॉर्मल, पण खुर्चीतून उठवत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

4 फेब्रुवारीला जागतिक कॅन्सर दिवस म्हणून आपल्या पेपरात अख्खं पान आलं होतं. वाचलं, चांगलं होतं, लक्षणं, तपासण्या, तंबाखू, नवीन मशिनी सगळं होतं त्यात. पण आमच्या सासूबाईंनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि घडी करून मला म्हणाल्या, "यात गुडघ्यातून उठायचं कुठे लिहिलंय गं?" मी म्हटलं आई, हे कॅन्सरचं पान आहे, गुडघ्याचं नाही. तर म्हणाल्या, "मग माझं पान कुठलं?" दोन दिवस ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं म्हणून लिहितेय, लांबलं तर कापा पण मधलं कापू नका.

आई आता 74 च्या आहेत. दोन वर्षांपूर्वी छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग दर आठवड्याला एक अशा 12 किमो, पॅक्लिटॅक्सेलच्या, आणि आता रोज एक गोळी चालू आहे जी पाच वर्षं घ्यायची. कॅन्सरच्या हिशेबानं सगळं छान, शेवटच्या व्हिजिटला डॉक्टर हसून म्हणाले "बधाई हो माताजी, सब नॉर्मल है". आईंनी हात जोडले. आणि बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या त्या खोल सोफ्यावर बसल्या तर उठताच येईना, आमच्या ह्यांनी एका बाजूनं आणि वॉर्डबॉयनं दुसऱ्या बाजूनं धरून उभं केलं. म्हणजे रिपोर्टमधली बाई नॉर्मल आणि सोफ्यावरची बाई अडकलेली, आणि दोघींची फाईल एकच.

मला डॉक्टरांना नावं ठेवायची नाहीत, हॉस्पिटलचं नावही घेणार नाही, जीव वाचवला त्यांनी. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. सुरुवातीला अशक्तपणा होता म्हणून आम्ही आईंना दर वेळी गेटपासून व्हीलचेअरवर न्यायचो (व्हीलचेअरसाठी आधार कार्ड गहाण ठेवायचं, तो वेगळाच किस्सा), तशाच खुर्चीसकट डॉक्टरांच्या टेबलापुढे नेऊन लावायचो, दोन मिनिटं बोलणं आणि तशाच बाहेर. चौदा महिने. म्हणजे चौदा महिन्यांत त्या डॉक्टरांनी आईंना एकदाही खुर्चीतून उठताना किंवा चार पावलं चालताना पाहिलंच नव्हतं. आणि आई पण कशा, त्या दिवशी मुद्दाम नारायणपेठ नेसून, ताठ बसून "सब बढ़िया है डॉक्टर साब", घरी आदल्या रात्री संडासापर्यंत भिंत धरधरून गेलेल्या असल्या तरी. आपल्याकडच्या बायकांना डॉक्टरांपुढे रडगाणं गायची लाज वाटते, आणि किमो थांबवतील ही भीती पण असते.

फाईलमध्ये एका कोपऱ्यात "पीएस 1" असं लिहिलेलं असायचं. माझा भाचा फार्मसी शिकतो, त्याला विचारलं तर म्हणाला मामी, पीएस म्हणजे परफॉर्मन्स स्टेटस, पेशंटला रोजचं किती जमतं याची 0 ते 4 ची पट्टी असते, 0 म्हणजे पहिल्यासारखा धडधाकट, 1 म्हणजे जड कामं नाही पण हलकीफुलकी होतात, 2 म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण काम होत नाही, 3 म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर नाहीतर खुर्चीत, 4 म्हणजे पूर्ण अंथरुणाला. मी आणि आई बसून प्रामाणिकपणे ठरवलं तर आई तेव्हा 2 आणि 3 च्या मधे कुठेतरी होत्या. फाईलमध्ये शेवटपर्यंत 1.

आता पायांचं सांगते, कारण हे कोणी आधी सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. सहाव्या-सातव्या किमोच्या आसपास आई म्हणायला लागल्या की पायाची बोटं मेल्यासारखी वाटतात, चालताना पायाखाली गादी अंथरल्यासारखं वाटतं. मी म्हटलं होतं असं किमोत. मी बँकेत आहे, डॉक्टर नाही, पण मी डॉक्टरच्या थाटात म्हटलं. मग ब्लाऊजचे हूक लावता येईनात, गोळ्यांच्या पत्त्यातून गोळी बाहेर ढकलता येईना, गॅसचा लायटर दाबला तरी दाबल्याचं कळेना, दोनदा गॅस नुसताच चालू राहिला. आणि एक दिवस अंगणात तुळशीला पाणी घालून आल्या तर एकाच पायात सपाता. दुसरी तुळशीपाशी पडलेली. म्हटलं आई, सपाता कुठेय? त्यांनी खाली बघितलं तेव्हा त्यांना कळलं. पायातून चप्पल गेली तरी माणसाला कळू नये, संपादक साहेब, हे बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

हे नसांचं दुखणं असतं, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, विनक्रिस्टिन, बोर्टेझोमिब अशा बऱ्याच औषधांनी होतं, आणि आधीपासून शुगर असेल (आईंना आहे, वीस वर्षं) तर जोखीम वाढते. वेळेवर सांगितलं तर डॉक्टर डोस कमी करतात, थोडं थांबतात, कधी औषध बदलतात. आम्ही सांगितलं दहाव्या किमोला, ते पण मीच सांगितलं, आई माझ्याकडे डोळे वटारत होत्या. नंतर कळलं की एकदा नस बधिर झाली की ती परत जागी करायचं हुकमी औषध नाही, दुखत असेल तर ड्युलोक्सेटीन नावाची गोळी देतात पण ती बधिरपणावर तेवढी चालत नाही, काहींचं महिन्यांत उतरतं, काहींचं वर्षं राहतं. आईंचं अजून आहे.

मग जे व्हायचं ते झालं. किमो संपून चार महिने झाले होते, पहाटे साडेचारला बाथरूममध्ये पडल्या, हातावर. मनगट मोडलं. ती रोजची गोळी हाडं पण ठिसूळ करते हे आम्हाला हाडाच्या डॉक्टरांकडून कळलं, त्यांनी डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी करायला लावली. आणि प्लास्टर निघाल्यावर त्यांनीच फिजिओकडे पाठवलं. गंमत बघा, किमोच्या पूर्ण काळात कोणी फिजिओचं नाव काढलं नाही, त्यासाठी हाड मोडावं लागलं.

ती फिजिओ मुलगी असेल पंचवीस-सव्वीसची. मनगट राहिलं बाजूला, तिनं पहिल्यांदा एक साधी खुर्ची ठेवली, जमिनीवर 3 मीटरवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "आजी, उठा, त्या पट्टीपर्यंत चाला, वळा आणि परत येऊन बसा." मोबाईलवर वेळ लावली. 27 सेकंद. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले की पडण्याचा धोका धरतात असं ती म्हणाली. त्या टेस्टला खर्च किती, तर एक खुर्ची आणि चिकटपट्टी. आम्ही तोपर्यंत स्कॅनवर किती घातले ते इथे लिहीत नाही, हे वाचतील तर त्यांना परत ब्लडप्रेशर चढेल.

मग मी वाचायला लागले, रात्री जेवणं झाल्यावर. तर कळलं की ही काही नवी गोष्ट नाही. आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून खुर्चीत जाणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं, या सहा गोष्टी माणसाला जमतात का ते विचारायची यादी 1963 सालची आहे, कॅट्झ नावाच्या डॉक्टरची. त्यानंतर 1969 मध्ये दुसरी यादी आली, फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, आपली औषधं आपण घेणं, पैशाचा हिशेब. म्हाताऱ्या माणसाची आधी ही दुसरी यादी सुटते मग पहिली. आमच्याकडे अगदी तसंच झालं, आईंनी आधी दत्त मंदिरात जाणं सोडलं, मग भाजीवाल्याशी घासाघीस सोडली, मग स्वयंपाक, आणि आम्ही समजत होतो आराम करताहेत. शेवटी आंघोळीला हात लागायला लागला तेव्हा कळलं.

आणि हे सगळं तपासल्यानं खरंच फरक पडतो हे पण सिद्ध झालेलं आहे. 2021 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, 70 च्या वरचे, वाढलेल्या कॅन्सरचे 718 पेशंट. सगळ्यांचं चालणं, पडणं, स्मरणशक्ती, खाणं, घरी कोण आहे, किती गोळ्या चालू आहेत हे सगळं तपासलं, मात्र अर्ध्यांच्याच डॉक्टरांना त्याचा कागद आणि काय करावं याच्या सूचना दिल्या, बाकीच्यांच्या डॉक्टरांना दिल्या नाहीत. नुसता कागद हं. तर औषधाचे गंभीर दुष्परिणाम ज्यांच्या डॉक्टरांना कागद मिळाला त्यांच्यात 51 टक्क्यांना झाले आणि दुसऱ्यांमध्ये 71 टक्क्यांना, पडण्याचं प्रमाण पण 12 विरुद्ध 21 टक्के. आयुष्य कोणाचं कमी झालं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं तर 2018 पासूनच लिहून ठेवलंय की 65 च्या वरच्या माणसाला किमो द्यायच्या आधी ही तपासणी करावी. आपल्याकडे होत नाही असं पण नाही, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वयस्क पेशंटांसाठी वेगळी ओपीडी चालते. मग आपल्या इंदूरमध्ये, जिथे खंडव्यापासून झाबुआपर्यंतचे पेशंट येतात, तिथे आठवड्यातून एक दुपार का नाही?

आता घरच्यांचं सांगते, कारण डॉक्टरांवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. आम्ही आईंना काय केलं तर "तुम्ही बसा". पाणी हवंय? बसा, मी आणते. दार वाजलं? बसा. पूजेची फुलं? बसा बसा. सून म्हणून चार लोकांत बरं दिसतं ना, सासूला कॅन्सर झालाय आणि सून हातात देते सगळं, महिला मंडळात कौतुक पण झालं माझं. त्या फिजिओ मुलीनं सांगितलं की धडधाकट म्हाताऱ्या माणसांना नुसतं दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस उतरतं, असा प्रयोग झालेला आहे. धडधाकट माणसांचं हे, मग किमोवाल्या शुगरवाल्या बाईला सहा महिने "बसा" म्हटल्यावर काय राहणार. मला ते ऐकून रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आमच्या शेजारच्या काकांचं तर अजून वाईट. त्यांना प्रोस्टेटचा, दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचं इंजेक्शन. त्या इंजेक्शननं कॅन्सर दबतो पण स्नायू आणि हाडं दोन्ही झिजतात, म्हणून डॉक्टर व्यायाम करा म्हणतात. मुलगा बेंगलोरला, त्यानं चोवीस तासांचा माणूस लावला, तो माणूस इतका इमानदार की काकांना चहाचा कप पण उचलू देत नाही. पूर्वी हे गृहस्थ रोज सकाळी नेहरू पार्कला चार चकरा मारून पोहे-जिलबी खाऊन यायचे. आता त्यांना दाढी पण तोच करून देतो. कॅन्सर मात्र कंट्रोलमध्ये आहे, काकूच सांगतात सगळ्यांना.

सरकारी बाजू पण थोडी. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न काही का असेना, आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंत इलाज मोफत झाला, खूप चांगलं झालं, आमच्या ओळखीत दोघांना उपयोग झाला. पण तो हॉस्पिटलच्या इलाजाला, घरी येणाऱ्या फिजिओला, बाथरूममधल्या दांडीला, वॉकरला खिशातूनच. रेल्वेत कॅन्सर पेशंटला इलाजाला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला 75 टक्के सूट, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितेय, हॉस्पिटलचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. आम्ही दुसऱ्या सल्ल्यासाठी अवंतिका एक्सप्रेसनं मुंबईला गेलो तेव्हा घेतली ही सूट. तिकीट फुकट, पण डब्याच्या पायऱ्या चढवताना हमालाला पैसे दिले ते सामानासाठी नाही, आईंसाठी. अपंगत्वाच्या दाखल्याचं विचाराल तर 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, कॅन्सर हा त्यात वेगळा प्रकार नाही, पाय कापला गेला किंवा लुळा पडला तर तो हात-पायाच्या अपंगत्वात मोजतात आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात. थकवा, बधिर तळवे, उठता न येणं हे कुठल्या टक्क्यात मोजणार? आई त्या कायद्यानं अपंग नाहीत, फक्त घराबाहेर पडू शकत नाहीत.

आणि बाहेर पडून जाणार कुठे, हा पण प्रश्न आहेच. आपलं शहर स्वच्छतेत सलग सात वर्षं पहिलं आलं, अभिमान आहेच, सकाळी कचरा गाडीचं गाणं लागलं की आई पण खुर्चीत मान हलवतात. पण आमच्या राजेंद्र नगरात घरापासून मंदिरापर्यंत फुटपाथ तीन वेळा वर चढतो, चार वेळा खाली उतरतो आणि मधे एकाची ॲक्टिव्हा उभी असते. ज्याला तळव्याला काही कळत नाही त्यानं कसं चालायचं. ज्या हॉस्पिटलात आम्ही जायचो तिथला किमोचा डे केअर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर स्ट्रेचरची लाईन, लेडीज टॉयलेटमध्ये धरायला एक दांडी नाही, सलाईन लावलेल्या बाईनं एका हातात स्टँड आणि दुसऱ्या हातात साडी धरून बसायचं उठायचं कसं? दांडी केवढ्याची येते ते मला माहीत आहे, आम्ही घरी लावली, प्लंबरच्या मजुरीसकट हजाराच्या आत.

आता काय करतो ते सांगते. आई दिवसातून तीन वेळा, जेवायच्या खुर्चीतून, हात न टेकता (आधी टेकून, आता न टेकता) उठून बसतात, पाचपासून सुरू केलं होतं आता दहा होतात. ओटा धरून टाचा उचलणं. पोळ्यांची कणीक त्या मळतात, बोटांना चांगलं म्हणून, मीठ कमीजास्त होतं चालतं. पाणी त्यांचं त्या घेतात आणि मी जीभ चावून गप्प बसते, हे सगळ्यात अवघड काम आहे माझ्यासाठी. कमोडवर उंच सीट, रात्री बाथरूमपर्यंत छोटा दिवा. आणि रोज रात्री तळवे आरशात बघायचे, कारण काही टोचलं तरी त्यांना कळत नाही, एकदा तुळशीच्या कुंडीचा खापराचा तुकडा दिवसभर टाचेत होता. तीन महिन्यांनी त्या मुलीनं परत वेळ लावली तर 16 सेकंद. 12 नाही आले अजून. पण परवा सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेल्या, शेवटच्या रांगेत कडेची सीट घेऊन, आणि इंटरव्हलला स्वतः उठल्या. मी मुद्दाम हात पुढे केला नाही, पर्स घट्ट धरून बसले होते.

संपादक साहेब, आपल्या पेपरच्या मार्फत शहरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना एवढंच विचारायचंय की म्हाताऱ्या पेशंटला किमो सुरू करायच्या आधी आणि मधे मधे, व्हीलचेअरमधून उतरवून एकदा "चालून दाखवा" म्हणायला आणि ते किती सेकंद झाले ते फाईलमध्ये लिहायला काय अडचण आहे? डॉक्टरांना वेळ नसेल तर नर्सनं करावं, बाहेर पेशंट दोन-दोन तास बसलेलेच असतात. आणि किमोच्या पहिल्याच दिवशी डाएटचा कागद देतात तसा एक कागद द्या, बोटं बधिर झाली तर त्याच आठवड्यात सांगा, लपवू नका, डोस कमी होणं म्हणजे इलाज थांबणं नाही. हिंदीत द्या, चालेल आम्हाला.

आणि आपल्या मराठी मंडळांना पण एक विनंती, कोजागिरी, हळदीकुंकू, व्याख्यानमाला सगळं करता, जिना चढून वरच्या हॉलमध्ये करता. एखादा कार्यक्रम खाली करून बघा, वरती न चढू शकणारे किती जण येतात ते मोजा.

आपली एक वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर

ता.क. – पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या पडले नव्हते, घसरले होते, दुरुस्त कर. मी दुरुस्त केलेलं नाही. आणि त्यांनी विचारलंय की मागून पट्टा असलेल्या, तळ न घसरणाऱ्या, सुजलेल्या पायाला बसतील अशा बायकांच्या चपला इंदूरमध्ये कुठे मिळतात, राजवाड्याच्या बाजारात शोधून झालं, कोणा वाचकाला माहीत असेल तर याच सदरात कळवावं.